कुत्र्याचा काचबिंदू: थेंब, गोळी की सलाईन?

कडुलिंब | ६ जुलै, रात्री ११:५२

मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय आणि तोही रडगाण्याचा. आमचा खंडू, कॉकर स्पॅनियल, वय ७, वजन १२ किलो. गेल्या शुक्रवारी रात्री त्याचा उजवा डोळा लालभडक झाला. सोफ्याच्या पायाला डोकं घासत बसला, जेवण हुंगून सोडून दिलं. शनिवारी जवळच्या दवाखान्यात नेलं. "डोळे आलेत, पावसाळ्यात सगळ्यांचेच येतात" म्हणून जंतुनाशक थेंब दिले. रविवारी डोळ्यावर निळसर झाक, पाण्यात दुधाचा थेंब टाकल्यासारखी. बाहुली एवढी मोठी की टॉर्च मारला तरी आक्रसत नव्हती.

सोमवारी मुलुंडहून थेट शहरात, प्राण्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. भर पावसात तीन टॅक्सीवाल्यांनी कुत्रा बघून काच वर केली, ते सोडा. डॉक्टरांनी पेनासारखं यंत्र डोळ्यासमोर धरलं, टिक टिक टिक, आणि डोळ्यातल्या दाबाचा आकडा सांगितला: उजवा ५४, डावा १९. काचबिंदू. मला वाटायचं हा आजी-आजोबांचा आजार.

मग पायाला सुई लावून अर्ध्या तासात ६० मिली सलाईनसारखं काहीतरी दिलं. "तीन-चार तास पाणी पाजू नका" म्हणाले. त्यानंतर त्याने जी मुतायला सुरुवात केली, विचारू नका. दोन तासांनी आकडा २८. घरी येताना दोन थेंबांच्या बाटल्या आणि दुखण्यासाठी गोळी.

माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. दुखणं डोळ्याचं, सुई पायाला का? थेंबातलं अर्धं त्याच्या मिशांवर सांडतं, गोळी मात्र चपातीच्या घासातून मजेत खातो, मग सगळं औषध गोळीतूनच का देत नाहीत? आणि डावा डोळा चांगला असताना त्यातही रोज थेंब कशाला? तिथे विचारायचं सुचलं नाही, रडूच येत होतं.

सोसायटीचा_सेक्रेटरी | ७ जुलै, सकाळी ७:१५

वाईट वाटलं. माझ्या वडिलांना काचबिंदू आहे म्हणून थोडं कळतं, आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या भाषेत सांगतो. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळी चोंदली की टाकी तुंबते. घरी दोनच उपाय: वरचा वाल्व थोडा बंद करा, नाहीतर दुसरी वाट मोकळी करा. थेंब हीच दोन कामं करतात. आणि हे आतलं पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. आमच्याकडे आई अजून म्हणते, "जास्त रडल्याने झालं".

गावरान_उपाय | ७ जुलै, सकाळी ९:०३

त्रिफळ्याचं पाणी गाळून डोळे धुवा. तीन दिवसांत लाली जाते. केमिकलच्या नादी लागू नका.

परळचा_डॉक | ७ जुलै, दुपारी २:४०

गावरान, तुमच्या टाकीत पाणी तुंबलंय आणि तुम्ही टाकी बाहेरून पुसताय. लाली जाईलही, आत दाब तसाच राहील आणि डोळा जाईल. कृपया असं सुचवू नका. तीव्र काचबिंदूत दृष्टी तासांच्या हिशेबात जाते, एक ते तीन दिवसांत कायमची.

कडुलिंब ताई, मी डोळ्यांचा विशेषज्ञ नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता उपनगरात दवाखाना आहे. पण तुमचे प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारे आहेत.

आधी आकडे. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण १० ते २० मिलिमीटर पारा असतो. पंचविशीच्या वर गेला आणि सोबत लाली, निळसरपणा, मोठी बाहुली असेल तर गडबड आहे. ५४ ला मागच्या पडद्याचा आणि दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठाच दबतो.

पायाला दिलं ते मॅनिटॉल. ही एक साखरेच्या नात्यातली वस्तू आहे. किलोमागे १ ते २ ग्रॅम, २० ते ३० मिनिटांत शिरेतून. ते २० टक्क्यांचं असतं, म्हणजे १२ किलोच्या खंडूला किलोमागे एक ग्रॅम धरलं तर बरोबर ६० मिली. हेच मॅनिटॉल तोंडातून दिलं असतं तर आतड्यात शोषलंच गेलं नसतं, नुसते जुलाब झाले असते. शिरेत गेलं की रक्त दाट होतं, पण रक्त आणि डोळा यांच्यात जी भिंत असते ती मॅनिटॉलला ओलांडता येत नाही. म्हणून ते रक्तातच राहतं आणि डोळ्याच्या आतल्या जेलीतलं पाणी बाहेर खेचतं. डोळ्यात न शिरता डोळ्याचं काम करणारं औषध आहे हे! डोळ्याला आतून सूज असेल तर ती भिंत झिरपते, मॅनिटॉल आत शिरतं आणि परिणाम कमी होतो.

पाणी लगेच पाजू नका म्हणाले ते यासाठीच, नाहीतर खेचलेलं पाणी परत भरून निघतं. असर काही तासच टिकतो. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या जनावराला देताना हात आखडता घ्यावा लागतो. थोडक्यात, ती फायर ब्रिगेड आहे, रोजचा नळ नव्हे.

गोळीबद्दल रात्री लिहितो, बाहेर दोन लॅब्राडॉर आणि एक पोपट थांबलेत.

हलकंफुलकं | ७ जुलै, दुपारी ३:२२

पोपटालाही काचबिंदू?

परळचा_डॉक | ७ जुलै, दुपारी ३:२५

नखं.

मुद्द्याचं_बोला | ७ जुलै, सायंकाळी ६:१०

माणसांना सरकारी दवाखान्यात खाट मिळत नाही आणि इथे कुत्र्याच्या डोळ्याला स्पेशालिस्ट. चालू द्या.

मांजरमावशी | ७ जुलै, सायंकाळी ६:४४

चालूच आहे. तुम्ही दुसरा धागा बघा.

कडुलिंब, तुझा धागा वाचून माझं एक जुनं पाप कबूल करते. आमच्या मनीच्या डाव्या डोळ्याला आतून सूज येऊन दाब वाढला होता. मी काय केलं असेल? सासऱ्यांचे काचबिंदूचे थेंब फ्रिजमध्ये होतेच, लॅटॅनोप्रोस्टचे. माणसाचं औषध प्राण्यांना चालतं असं कुठेतरी वाचलेलं. घातला एक थेंब. थोड्या वेळाने बाहुली एकदम आक्रसून सुईच्या नेढ्याएवढी झाली. मी खूश, म्हटलं लागू पडलं! तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मोजलं तर दाब होता तिथेच. वर मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. बाहुली लहान होणं आणि दाब उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा कळलं.

परळचा_डॉक | ७ जुलै, रात्री १०:३०

मांजरमावशी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण ही चूक खूप घरांत होते. लॅटॅनोप्रोस्ट कुत्र्यात जबरदस्त काम करतं. दुसरी वाट मोकळी करणारं औषध ते हेच. मांजराची बाहुली आक्रसते, पण दाब उतरत नाही, कारण दाब उतरवायला जो दरवाजा ठोठावावा लागतो तो मांजरात वेगळा आहे. शिवाय ती आडवाट कुत्र्यात एकूण निचऱ्याच्या साधारण १५ टक्के असते, मांजरात ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गल्लीच अरुंद. त्यात तुमच्या मनीच्या डोळ्याला सूज होती, आणि सुजलेल्या डोळ्यात हे औषध टाळायचंच असतं.

कुत्र्यातही एक सापळा आहे. डोळ्यातलं भिंग निसटून पुढे आलेलं असेल तर लॅटॅनोप्रोस्टने बाहुली आवळली जाते आणि दाब आणखी चढतो. टेरियर जातींत असं भिंग निसटणं बऱ्याचदा दिसतं. म्हणून "शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिलं होतं" या आधारावर बाटली उघडू नका.

आता गोळी. ताई, तुम्ही विचारलंत तोच प्रश्न जगभरच्या डॉक्टरांनी उलटा विचारला होता: गोळी आहे, तर थेंब का नाही? अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी १९५४ पासून काचबिंदूत वापरतात. डोळ्यात पाणी तयार करणाऱ्या पेशींमधलं एक विकर (एन्झाइम) ती अडवते, म्हणजे वरचा वाल्व. पण ते विकर जवळजवळ शंभर टक्के अडवलं तरच पाणी कमी होतं, अर्धंमुर्धं अडवून भागत नाही. गोळीने तेवढं करायचं तर सगळ्या अंगात औषध भरावं लागतं, आणि तेच विकर मूत्रपिंडात असतं, रक्तातही असतं. परिणाम: रक्त आम्लधर्मी होतं, पोटॅशियम उतरतं, कुत्रा धापा टाकतो, उलट्या करतो, खाणं सोडतो. मांजरांना तर हे अजिबात झेपत नाही.

मग तीच गोळी विरघळवून थेंब का नाही केले? केले असते तरी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून ते औषध आत जातच नाही. आत जाऊ शकेल असा भाऊबंद शोधायला चाळीस वर्षं लागली. डॉर्झोलामाइडचे थेंब अमेरिकेत १९९४ च्या डिसेंबरात मंजूर झाले. काम तेच, विकर तेच, फक्त वाट बदलली आणि धापा-उलट्या गेल्या. तुमच्या दोन बाटल्यांपैकी एकीत बहुधा हेच असेल, सोबत टिमोलॉल, तेही वरचा वाल्व बंद करणारंच. थेंबाने विकर पुरतं अडवलं असेल तर वरून गोळी देऊन आणखी काही मिळत नाही, नुसता त्रास वाढतो.

चपातीतली गोळी सोपी आहे हे खरं. पण ती खंडूच्या सगळ्या अंगाला दिलेली असते. थेंब डोळ्याला.

मांजरमावशी | ७ जुलै, रात्री १०:५१

डॉर्झोलामाइड म्हटल्यावर आठवलं. मनीला नंतर तेच दिलं. थेंब घातला की दोन मिनिटांत तोंडाला फेस! मी घाबरून रात्री दहाला डॉक्टरांना फोन. ते म्हणाले, कडू लागतंय तिला. थेंब डोळ्यात आणि चव तोंडात, कसं काय? तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकात आणि तिथून घशात नळी असते म्हणे. त्यानंतर थेंब झाला की लगेच चमचाभर चिकनचं पाणी. फेस बंद.

आप्पा_दादरकर | ८ जुलै, पहाटे ५:३५

मी मनुष्यप्राणी, वय ७४, काचबिंदू अकरा वर्षं. ती नळी फार महत्त्वाची. मला टिमोलॉल सुरू केलं तेव्हा जिना चढताना दम लागू लागला, नाडी ५० पर्यंत उतरली. मला वाटलं वय झालं. डॉक्टर म्हणाले, थेंब घातल्यावर डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. तेव्हापासून शिवाजी पार्कला दोन फेऱ्या होतात. कुत्र्याचं नाक कसं दाबायचं ते मात्र तुम्ही ठरवा.

परळचा_डॉक | ८ जुलै, सकाळी ८:०५

आप्पा, अगदी नेमकं. टिमोलॉलचा थेंब नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेवर उतरला की तिथून सरळ रक्तात शिरतो. पोटातून गेला असता तर यकृताने बराचसा मोडून टाकला असता, नाकातून गेल्यावर यकृताचा टोलनाका चुकतो. म्हणजे डोळ्यात घातलेलं औषध जवळजवळ इंजेक्शनसारखं वागतं.

हिशेब बघा. अर्ध्या टक्क्याच्या एका थेंबात साधारण ०.२ मिलिग्रॅम टिमोलॉल. आप्पा ६० किलोचे धरले आणि मांजर ४ किलोची, तर तोच थेंब मांजरीला वजनाच्या मानाने पंधरा पट पडतो. म्हणून दमेकरी मांजर, हृदयाचं दुखणं असलेला म्हातारा पॉमेरेनियन, यांना टिमोलॉल लिहिताना मी दोनदा विचार करतो. एका डोळ्यात घातलं तरी दुसऱ्या डोळ्याचा दाब थोडा उतरतो, कारण ते रक्तातून फिरून तिकडेही पोहोचतं.

नाक दाबायची गरज नाही, पण थेंबानंतर पापणी मिटून आतला कोपरा बोटाने हलकेच धरता येतो. खंडूला तेवढ्यात मान खाजवून द्या.

पूर्वाश्रमीची_फार्मसिस्ट | ८ जुलै, सकाळी ११:२०

मी पंधरा वर्षं केमिस्टच्या काउंटरमागे होते, माझेही दोन पैसे.

एका वेळी एकच थेंब. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या आतल्या पिशवीत मावतं जेमतेम ३०. म्हणजे एकाच थेंबातलंही काही गालावर येणारच. मिशांवर सांडलं म्हणून रडू नका, कडुलिंब. लोक "नीट गेला नसेल" म्हणून दुसरा घालतात आणि पहिल्याला धुऊन काढतात. दोन बाटल्या असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, याच कारणाने.

एवढं करूनही डोळ्याच्या आत पोहोचतात ते शंभरातले पाच भागसुद्धा नाहीत. बुबुळावरचा पडदा सँडविचसारखा असतो: वरचा थर तेलकट, मधला पाणीदार. नुसतं पाण्यात विरघळणारं औषध वर अडकतं, नुसतं तेलात विरघळणारं मध्ये अडकतं. लॅटॅनोप्रोस्ट बनवणाऱ्यांनी हुशारी केली. औषधाला एक तेलकट शेपूट जोडलं, ते वरच्या थरातून घुसतं, आणि पडद्यातलीच विकरं ते शेपूट कापतात. आत उतरतं ते खरं औषध. थेंबात जे असतं ते अजून औषध झालेलंच नसतं! मला हे कॉलेजात शिकताना जादूसारखं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आणि मुंबईकरांसाठी खास: बहुतेक लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते असं पुठ्ठ्यावर लिहितात. मुंबईत २५ अंश घरात कधी असतात ते सांगा मला. उघडल्यावरही फ्रिजमध्येच ठेवा, दाराच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नको. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. केमिस्टकडून घेताना त्याने ती फ्रिजमधून काढली की काचेच्या कपाटातून, हेही बघा.

रेसकोर्सवाला | ८ जुलै, रात्री ९:१७

थेंब घालायला त्रास होतो म्हणताय, मग हे ऐका. मी महालक्ष्मीला तबेल्यात बरीच वर्षं काढली. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, डोळा दुखतोय, आणि तुम्ही बाटली घेऊन समोर. पहिल्या दिवशी देतं. दुसऱ्या दिवशी मान अशी झटकतं की माणूस भिंतीवर.

मग डॉक्टर पापणीतून एक बारीक नळी बसवतात. आतलं टोक पापणीखाली, बाहेरचं कपाळावरून आयाळीपर्यंत. आम्ही ती आयाळीच्या वेणीत गुंफायचो. मी घोडीच्या मानेजवळ उभा राहायचो, सिरिंजने औषध सोडायचो, मागून थोडी हवा, की थेंब डोळ्यात. घोडीला कळायचंही नाही, ती गवत खात असायची. दिवसाला सहा-सहा वेळा दिलंय असं. फक्त हवा दमाने सोडायची. एकदा मी घाईत जोरात दाबली, घोडी दचकली आणि माझ्या पायावर पाय. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे.

घोड्यांत काचबिंदू कमी बघितला, बहुतेक वेळा डोळ्याची सूज येऊन येऊन मागाहून व्हायचा. मोठे डॉक्टर म्हणायचे, कुत्र्याचं ते लॅटॅनोप्रोस्ट घोड्याला देऊन उपयोग नाही, डोळा उगाच चुरचुरतो. त्यांना टिमोलॉल-डॉर्झोलामाइडच.

कडुलिंब | ९ जुलै, रात्री ११:१०

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. रेसकोर्सवाले, वेणीची आयडिया भारी, पण आमच्या खंडूचे कानच एवढे लांब की त्यातच गुंता.

आता जमायला लागलंय. आधी मी समोरून जायचे, बाटली दिसली की तो पलंगाखाली. आता जमिनीवर पाय पसरून बसते, त्याला माझ्या मांड्यांमध्ये पाठमोरा घेते. डाव्या हाताने हनुवटी वर, उजवा हात मागून कपाळावर टेकवायचा, वरची पापणी करंगळीने किंचित ओढायची, की पांढरा भाग दिसतो. बाटली मागूनच येते, त्याला दिसतच नाही. फ्रिजमधली बाटली आधी मुठीत धरून ठेवते, गार थेंबाने दचकायचा. थेंब पडला की कोपरा धरायचा आणि "वीस, एकोणीस, अठरा" म्हणत उलटे आकडे. शून्याला शेंगदाण्याएवढं पनीर. लेक म्हणते, आई, रॉकेट सोडतेयस का.

लॅटॅनोप्रोस्टनंतर उजव्या डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होते. बघायला विचित्र वाटतं.

डॉक, डाव्या डोळ्याचं राहिलं. आणि काल तपासणीत उजवा २२ आला, पण दिसत मात्र नाहीये. कापसाचा बोळा समोर टाकला, नजर हललीच नाही. डावीकडून टाकला तर लगेच बघितलं.

परळचा_डॉक | १० जुलै, दुपारी ३:०५

वाईट वाटलं, पण अनपेक्षित नाही. तीन दिवस दाब वर होता.

डाव्यासाठीच तर सगळी धडपड आहे. कॉकर, बॅसेट, बीगल, हस्की अशा जातींत हा आजार जन्मजात घडणीतूनच येतो, आणि एक डोळा गेला की दुसराही त्याच वाटेवर असतो. काही न करता सोडलं तर दुसरा डोळा साधारण आठ महिन्यांत बिघडतो. चांगला असतानाच थेंब सुरू केले तर हीच मुदत सरासरी अडीच वर्षांपर्यंत लांबलेली दिसते. त्याच्या वयाच्या मानाने अडीच वर्षं म्हणजे पुष्कळ आहेत.

गळ्यातला पट्टा आजच काढा आणि छातीचा हार्नेस घ्या. कुत्रा गळ्यातल्या पट्ट्याने ओढतो तेव्हा डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसने तसा वाढत नाही. दाब मोजतानाही मान कुणी आवळून धरली किंवा पापण्या दाबल्या तर आकडा खोटा वर जातो. मोजायची वेळ शक्यतो एकच ठेवा. कुत्र्यात दाब सकाळी जास्त असतो, सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी ताडून उगाच खूश होऊ नका.

वडापाव_चिंतन | १० जुलै, दुपारी ४:३०

एक बाळबोध प्रश्न. रोज तीन वेळा थेंबांची कुस्ती करण्यापेक्षा डोळ्यातच एकदा इंजेक्शन देऊन विषय संपवता येत नाही का?

परळचा_डॉक | १० जुलै, रात्री ९:५०

बाळबोध नाही. हल्ली सगळी धाव तिकडेच चालू आहे. माणसांसाठी बिमॅटोप्रोस्टची (लॅटॅनोप्रोस्टचाच भाऊबंद) बारीक कांडी निघाली आहे, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडायची, ती विरघळत महिनोन् महिने औषध देते. अमेरिकेत २०२० साली तिला मंजुरी मिळाली, आणि त्याआधी तिच्या चाचण्या बीगल कुत्र्यांवर झाल्या होत्या. गंमत, नाही, गंमत नव्हे, कुत्र्यांमुळे जे माणसाला मिळालं ते कुत्र्यांच्या रोजच्या दवाखान्यात अजून आलेलं नाही.

दुसरं इंजेक्शन मात्र आहे, आणि ते ऐकून लोक दचकतात. जेंटामायसिन. होय, तेच, जे डोळे आल्यावर थेंब म्हणून घालतात. खंडूला त्या पहिल्या दवाखान्यात कदाचित तेच दिलं असेल. बाहेरून थेंब म्हणून ते निरुपद्रवी. तेच सुईने डोळ्याच्या आतल्या जेलीत सोडलं तर पाणी तयार करणाऱ्या पेशी मारून टाकतं, आणि सोबत मागचा पडदाही. म्हणून ते फक्त अशाच डोळ्यात देतात जो आधीच आंधळा आहे आणि दुखतो आहे. दाब उतरतो, वेदना थांबते, पुढे डोळा आक्रसून लहान होऊ शकतो. मांजरात आम्ही ते टाळतो, कारण दुखावलेल्या डोळ्यात पुढे गाठ होण्याची भीती असते.

लेसरने पाणी बनवणाऱ्या पेशी जाळणं, डोळ्याला बारीक नळी बसवणं हेही आहे, पण ते दृष्टी असलेल्या डोळ्यासाठी. खंडूच्या उजव्यासाठी खरा प्रश्न वेदनेचा आहे. दाब थेंबांवर खाली राहिला तर ठीक. परत चढायला लागला तर तो डोळा काढणं हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो. इंजेक्शनचा भरवसा कमी, कधी दुसऱ्यांदा द्यावं लागतं.

निशिगंधा_ठाणे | ११ जुलै, सकाळी १०:१५

कडुलिंब, आमच्या बीगलचा डोळा तीन वर्षांपूर्वी काढला. आदल्या रात्री मी जेवले नाही. चौथ्या दिवशी त्याने माझी चप्पल पळवली, जी त्याने मागचे चार महिने पळवली नव्हती. तेव्हा कळलं, एवढे दिवस त्याचं डोकं दुखत होतं आणि आम्ही म्हणत होतो, शहाणा झालाय. कुत्री ओरडत नाहीत गं, नुसती गप्प होतात.

जिन्यात त्या बाजूने तू चाल. आणि सोसायटीतल्या मुलांना सांग, त्या बाजूने एकदम हात लावू नका.

मुद्द्याचं_बोला | ११ जुलै, दुपारी १:००

आमच्या गल्लीतल्या काळ्या कुत्रीचा एक डोळा असाच निळा-पांढरा आहे, मोठा झालाय. ती भिंतीला डोकं टेकवून बसते. हेच असेल का?

परळचा_डॉक | ११ जुलै, दुपारी १:४८

असू शकतं. ओढत नेऊ नका, गळ्याला दोरी नको. खायला देऊन पिंजऱ्यात घ्या आणि कुठल्याही प्राण्यांच्या दवाखान्यात दाब मोजायचं यंत्र आहे का ते आधी फोनवर विचारून मगच न्या. मला विपू (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) करा, मी येतो रविवारी.

कडुलिंब | २ सप्टेंबर, रात्री ८:४०

धागा वर काढतेय. ऑगस्टच्या मध्यावर उजवा परत ४० ला गेला, थेंब चालू असताना. काढला. टाके निघाले, केस उगवताहेत, आता झोपेत डोळा मारल्यासारखा दिसतो. सासूबाई, ज्या "एवढा खर्च" म्हणत होत्या, त्याच आता पनीर कापून ठेवतात.

डावा आज १५. बाटलीवर तारीख लिहिली आहे, हार्नेस लाल घेतला. फक्त उजवीकडच्या चपलांच्या स्टँडला तो रोज धडकायचा, तो स्टँड काल सरकवला. आता सगळे आम्हीच त्याला अडखळतोय.

मुद्द्याचं_बोला, त्या काळीचं काय झालं?

मुद्द्याचं_बोला | २ सप्टेंबर, रात्री ८:५२

तिचाही काढला. माझ्या दाराशीच असते सध्या. नाव ठेवलेलं नाही.

मांजरमावशी | २ सप्टेंबर, रात्री ८:५५

दोघांचे फोटो?

कडुलिंब | २ सप्टेंबर, रात्री ८:५८

टाकते. नऊला थेंब आहे, तो झाला की.